कऱ्हाड यादीत आहे का?

भावाच्या लग्नाच्या पत्रिकांचं काम माझ्या गळ्यात पडलं ते "तुला कम्प्युटरमधलं कळतं" या एका वाक्यावर. आईनं गावागावांचे गठ्ठे बांधून वहीत नोंद केली होती, ती मी टाइप केली. आत्याची गावं व्हॉट्सअ‍ॅपवर आली. कुठला गठ्ठा राहिलाय ते बघायला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार ओळी खरडल्या. मुद्द्याची ओळ एकच: आत्याचं गाव आईच्या यादीत आहे का? पायथनमध्ये त्याला ‘इन’ एवढं पुरतं. उत्तर ट्रू नाहीतर फॉल्स. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत २०१६ साली ‘इन्क्लूड्स’ येईपर्यंत ‘इंडेक्सऑफ’ला ‘कितव्या जागी आहे?’ असं विचारायचं, आणि त्यानं उणे एक म्हटलं की समजायचं, नाहीये. साध्या चौकशीला असं उणं उत्तर!

पायथन रांगेच्या तोंडापासून एकेकाला हटकत जातो. तू का? तू का? सापडला की तिथंच थांबतो. यादी लाखाची असेल तर तिचा ‘सेट’ (झटपट शोधता येईल असा संच) करावा, मग तो सहसा थेट दारात जातो. आमच्या चाळीस गावांना कसले आलेत असले लाड.

सातारा, ट्रू. वाई, ट्रू. फलटण, ट्रू. कऱ्हाड, फॉल्स.

"अगं, समोर तर आहे!" आई स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली. होतंच की. मागेपुढे कुठे स्पेस चिकटलीय का पाहिलं, नव्हती. शेवटी दोन्ही शब्दांची लांबी मोजली. माझं कऱ्हाड सहाचं, आत्याचं सातचं! माझ्या कीबोर्डनं ‘ऱ’ अख्खा दिला होता. तिच्या फोननं साधा ‘र’, त्याचा पाय मोडलेला, आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच. ‘र’खाली टिंब देऊन लिहायची तिसरीही तऱ्हा आहे. ती युनिकोडच्या (कम्प्युटरमधल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या) नॉर्मलायझेशननं, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगळ्या तऱ्हा एकसारख्या करण्यानं, सरळ होते, हे जोडचिन्ह मात्र त्यालाही दाद देत नाही. मी ‘रिप्लेस’ लावून ते हातानं बदललं. (‘तऱ्हा’तही तोच ‘ऱ’ आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.)

पुन्हा चालवलं. कऱ्हाड, ट्रू. मी विजयी मुद्रेनं आईकडे पाहिलं. खाली अजून एक फॉल्स उभा होता. धाकट्या काकांचं गाव आत्यानं ‘कराड’ असं लिहिलं होतं.

"मग? कराड म्हणजेच कऱ्हाड," आई म्हणाली, "एवढं तरी सांग त्याला."