कार्बनचा पत्ता

गावात घर क्रमांकाने शोधणारा पाहुणा बहुधा भटकतो. ‘मारुतीच्या देवळापासून दुसरे घर’ असे सांगितले की तो नेमका दारात पोहोचतो. सेंद्रिय रसायनशास्त्राने साखळीतल्या कार्बनना रीतसर क्रमांक दिले असले, तरी प्रयोगशाळेतली माणसे पत्ता पुष्कळदा देवळापासूनच, म्हणजे क्रियात्मक गटापासून (रेणूच्या अभिक्रिया ठरवणाऱ्या अणुसमूहापासून) सांगतात. गटाला खेटून असलेला कार्बन अल्फा, पुढचा बीटा, मग गॅमा. मेदाम्लात, म्हणजे तेल-तुपातल्या लांब साखळीच्या आम्लात, टोकाच्या कार्बोक्झिल (-COOH) गटातला कार्बन हा गटाचाच भाग असल्याने त्याला अक्षर मिळत नाही. क्रमांक मात्र तोच पहिला पटकावतो, आणि अल्फा कार्बन दुसरा ठरतो. नवख्या विद्यार्थ्याची गाडी हमखास इथे अडते.

तरीही मला क्रमांकांपेक्षा ही अक्षरे बोलकी वाटतात, कारण पुढे काय घडणार याची चाहूल त्यांत असते. ॲसिटोनमध्ये अल्फा कार्बनवरचा हायड्रोजन तीव्र आम्लारीला (बेसला) काढून घेता येतो, कारण मागे उरलेला ऋण प्रभार शेजारच्या ऑक्सिजनपर्यंत पसरतो; साध्या अल्केनमधल्या, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या एकेरी बंधांच्या रेणूतल्या, हायड्रोजनला असा आधार नसतो.

बीटाचे महत्त्व फ्रान्झ क्नूप या जर्मन संशोधकाने १९०४ साली दाखवले. शरीराला सहज मोडता न येणारा फेनिल गट (बेंझीनचे वलय) मेदाम्लांच्या शेपटाला, म्हणजे कार्बोक्झिलच्या विरुद्ध टोकाला, खुणेसारखा जोडून त्याने ती कुत्र्यांना खाऊ घातली आणि त्यांचे मूत्र तपासले. साखळीत कार्बन सम असतील तर फेनिलॲसेटिक आम्ल, विषम असतील तर बेंझोइक आम्ल, दोन्ही ग्लायसीन या अमिनो आम्लाशी जोडलेली. याचा अर्थ बीटा कार्बनचे ऑक्सिडीकरण होऊन साखळी दोन-दोन कार्बननी तुटते. मूत्रातून एवढे नेमके अनुमान काढणाऱ्याचे मला कौतुक वाटते.

जवसाच्या तेलाच्या बाटलीवरचे ओमेगा-३ मात्र उलट्या टोकाकडून मोजलेले असते. त्यातल्या लिनोलेनिक आम्लात १८ कार्बन असून कार्बोक्झिलकडून दुहेरी बंध ९, १२ आणि १५ व्या कार्बनपासून सुरू होतात; शेपटाकडून मोजले की शेवटचा बंध तिसऱ्या कार्बनवर येतो. ही उलटी मोजणी लहरी नाही. शरीर साखळी वाढवते ती कार्बोक्झिलच्या टोकाला, त्यामुळे २० कार्बनांच्या आम्लात तोच बंध क्रमांकाने १७ वा होतो, शेपटाकडून मात्र तिसराच राहतो. नवव्या कार्बनच्या पलीकडे शेपटाकडे नवा दुहेरी बंध घालणारे विकर (एन्झाइम) माणसाकडे नाही. त्यासाठी जवसाची चटणीच खावी लागते.