बटणामागचा निरोप्या

बेळगावच्या खडे बाजारात गिऱ्हाईक मराठीत साडीचा रंग सांगतं, मालक आत कन्नडमध्ये आवाज देतो आणि गडी नेमकी तीच साडी घेऊन येतो. संगणकात मधल्या गड्यावर एवढा भरवसा ठेवू नये. तिथला गडी म्हणजे शेल, टाइप केलेल्या आज्ञा वाचून प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम. खिडकीतलं बटण दाबल्यावर शेलकडे गेलेला निरोप तो जसाच्या तसा पुढे देत नाही. आधी स्वतः वाचतो, आणि वाचताना अक्कल चालवतो.

लग्नसराईत बेळगाव-निपाणीच्या छपाईवाल्यांकडे ‘साखरपुडा & लग्न.पीडीएफ’ असल्या नावांचा ढीग पडतो. फाइल लहान करणाऱ्या बटणानं हे नाव आज्ञेच्या ओळीत तसंच चिकटवलं, की शेल मोकळ्या जागेपाशी तुकडे पाडतो. ‘&’ दिसताच अलीकडचं काम मागे चालत सोडतो आणि ‘लग्न.पीडीएफ’ नावाची आज्ञा शोधायला निघतो. ती कुठली सापडायला? परतीचा अंक 127, म्हणजे ‘आज्ञा सापडली नाही’. अवतरणचिन्हं घालावीत, तर नावातच अवतरण निघालं की पहिले पाढे पंचावन्न. त्यापेक्षा शेलला मध्ये घेऊच नये. दुसरा प्रोग्रॅम थेट सुरू करणाऱ्या सोयी असतात, पायथन भाषेतलं सबप्रोसेस किंवा खिडक्या बनवायच्या क्यूटीमधलं क्यूप्रोसेस. त्यांना प्रोग्रॅमचं नाव आणि एकेक आर्ग्युमेंट (फाइलचं नाव वगैरे) यादीत सुटं द्यावं.

निरोप धाडणं त्या मानानं सोपं, उत्तर ऐकणं कठीण. उत्तर येतं ते पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमचं लिखाण दुसऱ्याकडे नेणाऱ्या नळीतून. लिनक्समध्ये तिची क्षमता साधारण 64 केबी. ‘काम संपू दे, मग वाचू’ म्हणून बटणवाला बसला आणि तोवर पाइप भरला, तर लिहिणारा तिथंच थांबतो. हा त्याची वाट बघतोय, तो ह्याची! चुकांचा प्रवाह वेगळ्या पाइपमधून येत असेल तर तोही उपसत राहावा लागतो, आणि हे काम खिडकी रंगवणाऱ्या थ्रेडकडे (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्याकडे) तर मुळीच देऊ नये, नाहीतर खिडकीच गोठते.

टर्मिनलात, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, कामाची टक्केवारी ओळीओळीनं सरकते, खिडकीत मात्र शेवटी एकदम ओतली जाते, ही नेहमीची तक्रार. समोर टर्मिनल नाही हे पाहून प्रोग्रॅम वापरतो ती सी भाषेची लायब्ररी ओळी साठवून ठेवते. पुष्कळदा ही साठवण बदलणाऱ्या स्टडबफ या आज्ञेनं भागतं. नाहीच जमलं तर खोटं टर्मिनल उभं करावं.

आपल्याकडची खास गंमत अक्षरांची. मराठी असो की कन्नड, यूटीएफ-8मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) दर चिन्हाला 3 बाइट. पाइपमधलं उत्तर घासाघासानं वाचलं, तर 4096 बाइटांच्या घासात 1365 चिन्हं बसतात आणि 1 बाइट उरतो. तिथं चिन्ह तुटून पडद्यावर चौकोन उमटतो. उरलेला बाइट पुढच्या घासासाठी राखणारा डीकोडर (बाइटांची अक्षरं करणारा भाग) वापरावा. फक्त इंग्रजीत तपासणाऱ्याला हा रोग दिसतच नाही.

टर्मिनलात चालतं, आयकॉनवरून चालत नाही? बहुधा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचा ती यादी, वेगळा. प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्यावा, विषय संपला.

‘रद्द करा’चं बटण मात्र आळसानं लिहिलेलं असतं. शेल मरतो, त्यानं सुरू केलेलं घोस्टस्क्रिप्ट (पीडीएफ लहान करणारा प्रोग्रॅम) तसंच राबत राहतं. सुरुवातीलाच वेगळा प्रोसेस ग्रुप (चालू प्रोग्रॅमांचा गट) करावा आणि थांबायचा सिग्नल सगळ्या ग्रुपला द्यावा. आधी सिगटर्म, म्हणजे ‘आवर आणि थांब’; त्याला दाद दिली नाही तरच सिगकिल, म्हणजे जागीच ठार, कारण सिगकिलमध्ये अर्धवट फाइल आवरायला सवड मिळत नाही.