बडोद्यातलं प्रत्येक लाकडी घर वाडा नसतं

बडोद्याच्या जुन्या शहरात घरं बघायला जाणार असाल तर आधी हे ऐका: मांडवीपाशी गाठून "हेरिटेज दाखवतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आमच्याकडून दीड हजार घेऊन त्याने अख्खी सकाळ एकच वाक्य ऐकवलं, "ताई, हा मराठा वाडा, तीनशे वर्षं जुना." नक्षीदार लाकूड दिसलं की वाडा! बडोदं गायकवाडांकडे कायमचं आलं तेच मुळी 1734 साली. त्याला तीनशे वर्षं अजून व्हायची आहेत. आणि त्याने दाखवलेली बहुतेक घरं वाडे नव्हतीच, पोळीतली, म्हणजे जुन्या दाट गल्लीवस्तीतली, अस्सल गुजराती घरं होती. तीही सुंदरच आहेत, पण त्यांना त्यांच्या नावाने ओळखायला हवं.

फरक मला कळला तो दांडिया बाजारात आत्याकडे. शेजारच्या काकांचं सगळं आयुष्य या गल्ल्यांत गेलंय. मी गाईडची तक्रार सुरू केली तर म्हणाले, "नक्षी कुठे आहे ते आधी बघ. रस्त्यावर आहे की चौकात?" दुसऱ्या दिवशी हे एवढं डोक्यात ठेवून फिरले आणि निम्मं शहर उलगडलं.

पोळीतलं घर सगळा थाट रस्त्याला दाखवतं. दर्शनी बाजू अरुंद, घर मात्र आत खोलवर गेलेलं, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. दारापुढे बसायला ओटलो. वरचे मजले कोरीव टेकूंवर थोडे पुढे आलेले. लाकडी सांगाडा आणि मध्ये विटा भरलेल्या. वाडा बाहेरून त्या मानाने अबोल असतो. मोठा दरवाजा, त्यातच वाकून जायची दिंडी, मग देवडी, मग चौक, आणि चौकाभोवती सोपा, म्हणजे ओसरी. त्याचा सगळा दिमाख आत. चौक मात्र पोळीतल्या घरालाही असतो, छोटासा, बऱ्याचदा खाली पावसाच्या पाण्याचं टाकं असलेला. त्यामुळे नुसता चौक दिसला म्हणून वाडा म्हणू नका.

काकांनी त्यांच्या ओळखीच्या एका घरात नेलं. सोप्यातला खांब जवळून बघितला. खाली दगडी तळखडा, त्यावर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला सागवानी खांब, डोक्याला दोन्ही बाजूंना पसरलेले हस्त, त्यावर तुळई आणि वर कडीपाट. दोन खांबांमध्ये लाकडी महिरप, तिच्या टोकाला खाली लोंबणारं केळफूल. पुण्या-नाशकात वाड्यांत वाढलेल्यांना हे सगळं पाठ असतं. पण महिरपीच्या वरची वेलबुट्टी बारीक, दाट, पोळीतल्या दारांवर असते तशी. घर मराठी पद्धतीचं आणि नक्षीचं वळण गुजराती! बडोद्याची खरी गंमत हीच आहे आणि ती पैसे घेणाऱ्या एकानेही सांगितली नाही.

वयाच्या थापांवर एक उपाय. बाल्कनीला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कठडा असेल तर घर बहुधा 19व्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीचं नाही, नाहीतर कठडा मागाहून बसवलाय. गोल वळणाचा कोपरा, सिमेंटचे लांब आडवे छज्जे दिसले तर ते 1930 नंतरचं समजा. रावपुऱ्यात हे सगळे प्रकार एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी सापडतात.

तांबेकर वाडा अजिबात चुकवू नका. रावपुऱ्यात आतल्या बाजूला आहे, पत्ता विचारत जावं लागतं. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर (1849 ते 1854) यांचं हे घर, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. भिंतींवर महाभारत, कृष्णलीला, इंग्रज-मराठा लढाया. मी तिथे कितीतरी वेळ नुसती बसून होते, पाय दुखत होते तेही विसरले. बडोद्यात एकच घर बघायला वेळ असेल तर हेच बघा.

आता वाईट टप्पा: मांडवी ते पाणीगेट. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं. प्रत्यक्षात फुटपाथ नाहीच म्हणा, दुचाक्या कोपराला घासून जातात, मान वर करून छज्जे बघायची सोयच नाही. मी दुपारी चालले, डोकं भणभणलं आणि नीट एकही घर पाहून झालं नाही. इथे सकाळी आठच्या आत जा, दुकानं उघडायच्या आधी. नाहीतर हा टप्पा सरळ सोडून द्या आणि घडियाळी पोळीत शिरा. तिथे निदान थांबता येतं. कोणाच्या ओटल्यावर बसायचं तर विचारून बसा. लोक पाणी देतात, घर दाखवतात, पैशाचं नाव काढत नाहीत.

लक्ष्मीविलास राजवाडा झाला बघून, निवांत दिवस होता. सोमवारी बंद, आत फोटो काढू देत नाहीत. मेजर मँटने आराखडा केला, त्याच्या मृत्यूनंतर चिझमने 1890 मध्ये पुरा केला. घुमट, छत्र्या, झरोके, रंगीत काचा, व्हेनिसची मोझेक फरशी, सगळं एकत्र. इमारत भव्य आहे, पण साधं घर ओळखायला शिकायचं तर तिचा उपयोग नाही. तिकिटाचे पैसे आणि वेळ दोन्ही मोजके असतील तर जुन्या शहरातच फिरा.

मांडवीच्या गर्दीत रिक्षावाले तोंडाला येईल तो भाव सांगतात, माझ्याकडे दुप्पट मागितले. तिथे घासाघीस करत बसू नका. पश्चिमेला लहेरीपुरा दरवाज्यातून बाहेर पडा, समोर न्यायमंदिर (जुन्या कोर्टाची इमारत) आणि सूरसागर तलाव. रिक्षा तिथून करा आणि बसण्याआधी भाडं ठरवा.