बॉडी हालायलीय, स्क्रू आवळा की

माझ्याकडं स्लॉट कारचा, म्हणजे खाचेतून पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांचा, ट्रॅक बघायला आलेलं माणूस गाडी हातात घेतं, वरची बॉडी दोन बोटांत धरून हलवतं आणि हमखास विचारतं, "काका, ही हालायलीय की. स्क्रू आवळायचे राहिले का?" गल्लीतली पोरं विचारतात तसंच वाळूजच्या कारखान्यांत, टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेले मित्रही विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो. स्क्रू पूर्ण आवळलेले आहेत. बॉडी हलते, कारण ती हलावी अशीच बसवली आहे.

ज्यांनी स्लॉट कार पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रॅकमध्ये एक खाच असते आणि गाडीच्या नाकाखालचं पातं, म्हणजे गाइड, त्या खाचेतून चालतं. खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या असतात. गाइडला लावलेल्या तांब्याच्या वेण्या त्यांच्यावर घासतात आणि मोटरला वीज मिळते. स्टिअरिंग नाही, ब्रेकचं पॅडल नाही. हातातल्या कंट्रोलरनं वेग कमी-जास्त करायचा, एवढंच तुमच्याकडं. ब्रिटनमध्ये १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक नावाचा ब्रँड बाजारात आला आणि हा खेळ घरोघरी पोचला. घरच्या ट्रॅकवर आज प्रामुख्यानं १/३२ प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याच्या, गाड्या पळतात, माझ्याही त्याच आहेत.

विकतच्या ट्रॅकवरच्या पट्ट्या लोखंडी असतात आणि गाडीच्या पोटाखाली चुंबक असतं. ते गाडीला खाली ओढून धरतं, त्यामुळं बॉडी कशीही बसवली तरी बरंचसं निभावून जातं. माझा ट्रॅक एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) फळ्यांत राउटरनं, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्रानं, खाच पाडून केलेला आहे, वर तांब्याची टेप चिकटवलेली. तांब्याला चुंबक धरत नाही. मग वळणावर गाडी टिकते ती मागच्या दोन टायरांच्या जोरावर आणि वजन कुठं ठेवलंय त्यावर. बॉडीचं काम मला खऱ्या अर्थानं कळलं ते या ट्रॅकमुळं.

आता हलण्याचं कारण. दोन फळ्या जुळतात तिथं, कितीही पॉलिश पेपर मारला तरी, बारीक उंचवटा राहतो. चासी, म्हणजे चाकं आणि मोटर धरणारा खालचा सांगाडा, त्यावरून जाताना जराशी उचलते, जराशी पिळते. बॉडी तिच्याशी एकजीव करून टाकली तर चासीला पिळायला जागाच राहत नाही आणि वरचं सगळं वजनही त्याच झटक्यात उचललं जातं. टायर क्षणभर रस्ता सोडतो. सपाट वळणावरसुद्धा अशी गाडी थडथडत, उड्या मारत मागून बाहेर जाते. बॉडीला केसभर मोकळीक दिली की चासी आपलं काम करते, बॉडी किंचित मागाहून येते आणि टायर चिकटून राहतो. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपच्या खाली वाकून बघा. चासी आणि बॉडी वेगळ्या असतात आणि मध्ये रबराचे तुकडे दिलेले असतात.

केसभर म्हणजे किती? एम-२, म्हणजे २ मिमी जाडीच्या, स्क्रूच्या आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.४ मिमी असतो. अर्धा फेरा सैल केला तर ०.२ मिमी, पूर्ण फेऱ्याला ०.४. मला या दोहोंमधली मोकळीक आवडते. पण नुसता सैल केलेला स्क्रू थरथरीनं फिरत फिरत पडून जातो. त्यावर उपाय पितळी नळीचा. चासीच्या भोकात एक बारीक नळी बसवायची. तिची लांबी चासीच्या जाडीपेक्षा ०.३ मिमी जास्त ठेवायची, आणि भोक नळीपेक्षा थोडं मोठं. स्क्रू नळीतून वर बॉडीच्या आत चिकटवलेल्या खुंटीत जातो आणि नळीवरच घट्ट बसतो. चासी मात्र त्या नळीवर मोकळी राहते. लेथवर असा एक तुकडा काढायला चहा यायच्या आधीचा वेळ पुरतो, आणि मला विचाराल तर अख्ख्या गाडीत यापेक्षा मोलाचा भाग नाही.

सगळ्यात जास्त वेळ खुंट्या बसवण्यात जातो, आणि तो जाऊ द्यावा. उदाहरण माझ्या लाडक्या अ‍ॅम्बेसेडरचंच घ्या. खऱ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, २४६४ मिमी. ३२ नं भागलं की बरोबर ७७. खेळण्यांच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या गाडीवर प्रमाण लिहिलेलं असतंच असं नाही, तेव्हा व्हर्नियर कॅलिपर खिशात घेऊन जावं आणि चाकांवरच्या पुढच्या-मागच्या कमानींच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजावं. ७७ च्या आसपास भरलं तर ती गाडी आपली. घरी आणून आतलं सगळं काढायचं: सीटा, तळ, जाड काचा. काचेच्या जागी पातळ पारदर्शक शीट. टपाच्या आतली जाडीसुद्धा मी खरवडतो, कारण या प्रमाणात अ‍ॅम्बेसेडर साधारण ५२ मिमी रुंद आणि ५० मिमी उंच आहे. इतक्या उंच गाडीत वरचा एकेक ग्रॅम वळणावर तिला उलथवायला बघतो.

मग बॉडी उलटी ठेवून चासी आत ठेवायची. चारी चाकं कमानींच्या मधोमध आहेत ना, टायर आणि कमान यांत जागा आहे ना, गाइड दोन्हीकडं पूर्ण वळतं ना, हे बघायचं. चासी कागदी टेपनं तात्पुरती धरायची. खुंट्या आधी चासीलाच स्क्रूनं लावून घ्यायच्या आणि त्यांच्या टोकांना अ‍ॅराल्डाइट किंवा एम-सील लावून बॉडीत टेकवायच्या. चासीला व्हॅसलीनचा हात फिरवलेला असला पाहिजे, म्हणजे ओघळ आला तरी चिकटत नाही. फेविक्विक इथं वापरू नका. त्याचा जोड ठिसूळ असतो, आणि वाफेनं काचेवर पांढरी साय धरते. आपल्या मे महिन्यात एम-सील मळता मळताच धरायला लागतं, म्हणून तेव्हा हे काम मी पहाटे करतो. रात्रभर हात लावायचा नाही.

मोकळीक जास्त झाली तरी वाईटच. बॉडी कलून कमान टायरला लागते, त्या ठिकाणी टायरवर चकचकीत पट्टा उमटतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही दमते. पट्टा दिसला तर नळी कानशीनं थोडी कमी करायची किंवा कमान आतून घासायची. स्क्रू आवळायचा नाही.

सध्या टेबलावर प्रीमियर पद्मिनी आहे. तिचा व्हीलबेस २३४० मिमी, म्हणजे आपल्याला ७३. चासी ४ मिमी आखूड करावी लागली, नळ्या अ‍ॅम्बेसेडरच्याच मापाच्या ठेवल्यात.