तक्ता चौघांचा, अक्षर एकाचं

गेल्या वर्षी सातवीत गटकार्य घ्यायचं ठरवलं, तेव्हा वाटलं होतं, बाक जोडले की झालं. बत्तीस मुलं, आठ गट, विषय खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खारं पाणी अडवून केलेली शेती. आम्ही गोव्यातल्या पेडण्याची माणसं, विषय घराच्या मागल्या दारीच. आठवड्याने आठ तक्ते आले. प्रत्येकावर एकाच मुलाचं अक्षर. बाकीच्यांनी काय केलं?

'स्केचपेनं आणली, टीचर.'

मी चौघांना सारखेच गुण देऊन मोकळी झाले. एका मुलीने मधल्या सुट्टीत गाठलं, 'रात्री मी जागले, मग त्यांना कसे?' मी काहीतरी पुटपुटले. तिचं खरंच होतं.

मग प्रशिक्षणात ऐकलेली 'जिगसॉ' पद्धत आठवली. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने ती १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सुरू केली. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तिथे नुकती एका वर्गात आली होती आणि वर्गात धुसफूस होती. त्याने धड्याचे तुकडे केले. एकाकडे एकच तुकडा, बाकीचं हवं तर शेजाऱ्याचं ऐकावंच लागणार.

मीही चार तुकडे केले: बांध, मानस (बांधातलं पाण्याचं दार), खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भात, आणि कापणीनंतरची मासळी व तिची पावणी (लिलाव). आधी एकाच तुकड्याची मुलं एकत्र बसून तो समजून घेणार, मग आपापल्या गटात जाऊन शिकवणार. मानसवाली आठही मुलं एकत्र बसवली तर नुसता कल्ला झाला. दुसऱ्या दिवशी चार-चार केली.

गंमत मानशीपाशीच झाली. दार आपोआप कसं बंद होतं, हे एकाला काही केल्या सांगता येईना. शेवटी त्याने कंपासपेटी उभी धरली. भरतीचं पाणी बाहेरून दार दाबतं, म्हणून ते मिटतं. सुकतीला आतलं पाणी ढकलतं, म्हणून उघडतं. झाकण हलवून दाखवताना तो मराठी सोडून कोंकणीत गेला होता आणि समोरचीही कोंकणीतच विचारत होती, 'म्हाका कळना, परत सांग.' आधी मी टोकणार होते. मग गप्प राहिले. वहीत लिहिताना मराठी आलीच. तेवढ्यात शेजारच्या वर्गातल्या सरांनी डोकावून विचारलं, 'आज बाजाराचा वार का?'

यावेळी गुण गटाला नाहीत. चाचणी ज्याची त्याने द्यायची, चारही तुकड्यांवर. त्या जागरणवाल्या मुलीचा बांध अगदी चोख होता, पण मानशीचं उत्तर उलटं लिहिलं होतं. कंपासपेटी हलत होती तेव्हा ती आपल्या बांधाची टिपणं सुबक करत बसली होती. 'मी लक्षच दिलं नाही,' असं तिनेच सांगितलं. मी काही बोलले नाही.

एका पालकांनी मात्र येऊन विचारलं, 'पोरंच शिकवतात, मग टीचर काय करतात?' त्यांना तुकडे कापायला लागलेले दोन रविवार सांगितले. पटलं की नाही, देव जाणे.

खरी अडचण गैरहजेरीची. एक मूल आलं नाही की गटाचा एक तुकडाच गेला. आता जमेल तिथे गट पाचांचे करते आणि अवघड तुकडा दोघांकडे देते. आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात जिगसॉ घेत नाही.