तुम्ही विचारलंत म्हणून : बाळंतपणानंतर ‘आयटीपी’ निघालं, प्लेटलेट दीड लाख कधी होतील?

प्रश्न बहुधा असाच येतो. बाळ दहा-पंधरा दिवसांचं असतं, आईच्या रिपोर्टवर प्लेटलेटपुढे २५ किंवा ३५ हजार असा आकडा असतो, डॉक्टरांनी ‘आयटीपी असावं’ (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशी मारते तो आजार) म्हटलेलं असतं आणि घरातले सगळे दीड लाखाची, म्हणजे नॉर्मलच्या खालच्या हद्दीची, वाट बघत असतात. तर आधी उत्तर सांगते: बहुतेक जणींना दीड लाखाची गरजच नसते. आयटीपीचे उपचार रक्तस्राव टाळण्यासाठी असतात, रिपोर्ट सुंदर दिसावा म्हणून नव्हे. रक्तस्राव होत नसेल आणि प्लेटलेट ३० हजारांच्या वर टिकत असतील, तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात. काही न लागता आपोआप मोठा रक्तस्राव होण्याची भीती मुख्यतः १०-२० हजारांच्या खाली असते. ५० हजारांवर बरीच छोटी-मोठी कामं निभावतात.

पण आकड्याशी दोस्ती करण्याआधी तो खरा आहे का, ते बघा. काही लोकांच्या प्लेटलेट सीबीसीच्या (रक्तपेशी मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीच्या) जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे एकमेकींना चिकटतात. मशीनला तो पुंजका एकच मोठी पेशी वाटतो आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर (स्मीअर) करून सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी बघायला सांगायचं. पुंजके दिसले, तर निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतात. त्या नळीतल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ने गुणतात. दुसरा घोळ एककांचा. एक लॅब ३०,००० लिहिते, दुसरी ०.३० लाख, तिसरी नुसतं ३०. तिन्हींचा अर्थ एकच. रात्री दोन वाजता जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरण्याआधी एवढं तपासा. आणि २८ हजारांचे २४ हजार झाले, तर त्याला ‘घसरण’ म्हणू नका. इतक्या खालच्या पातळीवर मशीनचीच तेवढी चूक होते.

आकडा खरा ठरला, तरी तो आयटीपीचाच आहे हे सिद्ध करणारी एकही तपासणी नाही. बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढत तिथे पोचावं लागतं, आणि बाळंतिणीच्या बाबतीत त्यातली काही कारणं फार घाईची असतात. बहुधा वाढलेल्या रक्तदाबासोबत येणारा ‘हेल्प’ हा प्रकार प्रसूतीनंतरही, विशेषतः पहिल्या ४८ तासांत, सुरू होऊ शकतो. त्यात यकृताचे एन्झाइम वाढतात आणि लाल पेशी फुटतात. टीटीपी हा बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणारा, त्याहून विरळा, पण जिवावरचा आजार. त्यात स्मीअरमध्ये लाल पेशींचे तुकडे दिसतात आणि उपचार तासांच्या हिशोबाने सुरू करावे लागतात. त्यामुळे प्लेटलेट कमी असताना डोकं फार दुखणं, नजर अंधुक होणं, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, बोलण्यात गोंधळ, डोळ्यांत पिवळेपणा किंवा गडद लघवी यांतलं काहीही असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी इमर्जन्सी गाठायची. उरलेली यादी डॉक्टर तपासतात: एचआयव्ही, हेपटायटिस सी, थायरॉइड, ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असा दुसरा आजार), नुकताच झालेला एखादा संसर्ग, रुग्णालयात रक्त पातळ ठेवायला दिलेलं हेपरिन. गरोदरपणातच प्लेटलेट थोड्या उतरण्याचा एक निरुपद्रवी प्रकारही असतो. त्यात आकडा सहसा ७० हजारांच्या खाली जात नाही आणि एक-दोन महिन्यांत आपोआप वर येतो. हाडातल्या मज्जेची तपासणी नेहमी लागत नाही. बाकी रिपोर्ट विचित्र असले किंवा औषधांना प्रतिसाद मिळाला नाही, तरच.

आयटीपीत शरीराच्या प्रतिपिंडांनी स्वतःच्याच प्लेटलेटवर खूण केलेली असते आणि प्लीहेतल्या पेशी खूण केलेल्या प्लेटलेट गिळतात. निरोगी प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते, ही कधी काही तासांत संपते. हा दोष रक्तद्रवात आहे, हे कळलं ते १९५० साली सेंट लुईत. विल्यम हॅरिंग्टन या डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं आणि काही तासांत त्याच्याच प्लेटलेट कोसळल्या. (असलं धाडस आज कुठलीही समिती मंजूर करणार नाही.) ‘मग प्लेटलेटची पिशवी का चढवत नाहीत?’ याचंही उत्तर त्यातच आहे. चढवलेल्या प्लेटलेटचंही तेच होतं. जिवावर बेतणारा रक्तस्राव असेल तेव्हाच त्या देतात, आणि तेही इतर औषधांच्या जोडीने.

आता बाळंतिणीचं शरीर. वार सुटल्यावर गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या मुख्यतः स्नायू आवळून बंद होतात. ते काम प्लेटलेटवर फारसं अवलंबून नसतं, म्हणून २५ हजारांवरही कित्येकींना अंगावरून नेहमीइतकंच जातं. धोका वाढतो तो टाके, जखमा, नाक, तोंड, आतडी अशा ठिकाणी. अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं, लाल रंग हळूहळू फिकट होत जातो. तासाभरात एक मोठं पॅड पूर्ण भिजतंय आणि असं लागोपाठ दोन तास झालं, किंवा लिंबाएवढ्या गुठळ्या पडल्या, तर रुग्णालयात जायचं. टाक्यांच्या जागी बसू देणार नाही असा वाढता ठणका आणि ताण असेल, तर बाहेर काही दिसत नसलं तरी आत रक्त साकळलेलं असू शकतं. पायांवरचे मोहरीएवढे लाल ठिपके, जे बोटाने दाबले तरी फिके होत नाहीत, ते नवीन आले तर डॉक्टरांना कळवायचे, पण धावपळ नको. तोंडात रक्ताचे काळपट फोड आले, किंवा घोळणा फुटून पंधरा-वीस मिनिटं दाबून धरल्यावरही थांबला नाही, तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. काळी, चिकट शी झाली, तर लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते हे खरं, पण तसं गृहीत धरू नका, विचारा.

घरात सगळ्यात जास्त चुका दुखण्याच्या गोळीत होतात. टाके दुखतात, पोटात कळा येतात, आणि प्रसूतीनंतर हातात पडते ती बहुधा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा मेफेनॅमिक ॲसिड. या तिन्ही प्लेटलेटचं काम मंदावतात. ॲस्पिरिन तर त्या प्लेटलेटला आयुष्यभरासाठी निकामी करते, म्हणजे आठवडाभर परिणाम राहतो. आकडा तोच राहतो, पण प्लेटलेट सुस्त होतात. पॅरासिटामॉल चालतं: ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशोबात धरा. प्लेटलेट फार कमी असताना स्नायूत इंजेक्शन टाळतात. दिलंच, तर दहा मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही. आईचा गट आरएच निगेटिव्ह असेल आणि त्यासाठीचं अँटी-डी इंजेक्शन द्यायचं असेल, तर शिरेतून देता येणारा प्रकार मिळेल का, हे आधी विचारावं. शौचाला कुंथणं टाळायला शी मऊ करणारं औषध मागून घ्या, एनिमा नको.

उपचार लागलेच, तर पहिलं औषध स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन साधारण किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज ६०, किंवा डेक्सामिथॅसोन ४० मिलिग्रॅम रोज, चार दिवस. दुधात जाण्याबद्दल प्रेडनिसोलोनची माहिती जास्त आहे, म्हणून पाजणाऱ्या आईला बऱ्याचदा तेच देतात. दुधात फार थोडं उतरतं, पाजणं बंद करायची गरज नसते. डोस मोठा असेल, तर गोळी घेतल्यावर चार तासांनी पाजण्याचा सल्ला काही जण देतात. सकाळचं पाजून लगेच गोळी घेतली की ते अंतर बरंचसं आपोआप जमतं. गोळी सकाळीच, खाऊन. संध्याकाळी घेतली, तर बाळ झोपेल आणि तुम्ही छताकडे बघत बसाल. आकडा वाढायला चार दिवसांपासून दोन आठवडेही लागतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी ‘औषध लागू पडत नाही’ म्हणायचं नाही.

स्टेरॉइडचा खरा त्रास बाळंतिणीला दोन जागी होतो. गरोदरपणात साखर किंवा रक्तदाब वाढला असेल, तर तो परत डोकं वर काढतो, म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही मोजत राहायचं. दुसरं मन. चिडचिड, रडू, झोप उडणं, विचारांची शर्यत हे औषधानेही होतं आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्यातही. कुठलं कशाचं, हे घरी बसून ठरवता येत नाही. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, किंवा सलग दोन रात्री अजिबात झोप न येऊनही अंगात विलक्षण उत्साह असला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडलं, तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, कमी पडतं.

आणि इथेच दीड लाखाचा हट्ट नडतो. डोस उतरवताना आकडा उतरतो: ९० हजारांचे ४५ झाले. घाबरून डोस पुन्हा वाढवतात, मग पुन्हा उतरवतात, आणि सहा महिने जातात. माझं ठाम मत आहे की ४५ हजार आणि रक्तस्राव नाही, ही स्थिती चांगली आहे. स्टेरॉइड साधारण सहा ते आठ आठवड्यांत संपायला हवं. त्याशिवाय आकडा टिकत नसेल, तर पुढच्या औषधाचं बोलणं सुरू करायचं.

लवकर वाढ हवी असेल, तर आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं): किलोला १ ग्रॅम, एक किंवा दोन दिवस, शिरेतून काही तास. एक ते तीन दिवसांत आकडा चढतो, दोन ते चार आठवड्यांत उतरतो. तो उतरणारच आहे, हे आधी माहीत असलं की धक्का बसत नाही. नंतर डोकं दुखणं नेहमीचं आहे, पण प्लेटलेट कमी असताना नव्याने आलेली तीव्र डोकेदुखी प्रत्येक वेळी कळवायचीच. प्रसूतीनंतर गोवर-रुबेलाची लस राहिली असेल, तर आयव्हीआयजीनंतर ती कित्येक महिने पुढे ढकलावी लागते. एल्ट्रोम्बोपॅगसारखी, मज्जेला जास्त प्लेटलेट बनवायला लावणारी औषधं अंगावर पाजत असताना सहसा टाळतात. पुढे कधी सुरू झालीच, तर बाळंतिणीच्या गोळ्यांशी त्यांचं भांडण आहे: कॅल्शियम आणि लोह त्यांना आतड्यातच अडकवतात. ती गोळी या दोन्हींच्या किमान दोन तास आधी किंवा चार तास नंतर.

बाळाबद्दल. आईचे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातात आणि आईच्या आकड्यावरून बाळाचा अंदाज येत नाही. आजार प्रसूतीनंतर कळला असेल, तर बाळाच्या प्लेटलेट कुणी मोजल्याच नसण्याची शक्यता आहे. बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. बाळाचा आकडा जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत सगळ्यात खाली जातो, मग काही आठवड्यांत सावरतो. डोक्यात रक्तस्राव होणारी बाळं एक टक्क्याहून कमी, पण सुस्ती, दूध न ओढणं, ठिपके, फुगलेली टाळू यांकडे दुर्लक्ष नको. बाळाने रक्तमिश्रित दूध बाहेर काढलं, तर ते बहुधा आईच्या चिरलेल्या स्तनाग्रातून गिळलेलं असतं. तरी या बाळाच्या बाबतीत ते तपासूनच ठरवायचं.

थकवा आयटीपीचाही असतो, पण हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघितल्याशिवाय त्याच्यावर खापर फोडू नका. प्लेटलेट कमी म्हणजे गुठळीपासून संरक्षण, असंही नाही. पहिल्या सहा आठवड्यांत एकच पोटरी सुजून दुखली, तर दाखवा. पाळी परत येईल तेव्हा जास्त जाऊ शकतं. त्यासाठी गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉर्जेस्ट्रेल या संप्रेरकाचं साधन (तांब्याची तांबी नव्हे) चांगलं: गर्भनिरोधही होतो, जाणंही कमी होतं.

‘मग दुसरं मूल?’ हा प्रश्न दारातून बाहेर पडता पडता विचारला जातो. बहुतेकींना चालतं. गरोदरपणात दरमहा आकडा, शेवटी शेवटी दर आठवड्याला. प्रसूतीला ५० हजार पुरतात. पाठीतून भूल हवी असेल, तर भूलतज्ज्ञ साधारण ७० हजार मागतात, म्हणून त्यांना नववा महिना लागण्याआधीच भेटून ठेवायचं.