पुणे ते हेमलकसा: दवाखान्यासाठी बुलेटवर तीन दिवस

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं मित्र दोन बुलेट घेऊन पुण्याहून गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाला जाऊन आलो. तिथे आदिवासींसाठी काम करणाऱ्या लोक बिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यासाठी निधी जमवायचा होता. जाण्याचं अंतर साधारण १,००० किलोमीटर. ओळखीच्यांना म्हटलं, किलोमीटरमागे एक रुपया द्या, पाच द्या, जमेल तसं.

पैशांचं आधी सांगतो. देणगी स्वतःच्या यूपीआयवर अजिबात घेऊ नका. देणाऱ्याने ती थेट संस्थेच्या खात्यात भरावी, पॅन कळवावा आणि पावती घ्यावी. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला आयकरातली ८०जीची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही, हे लोकांना आधीच सांगा. पेट्रोल, जेवण, मुक्काम सगळं आमच्या खिशातून. याबाबत मी हट्टी आहे. लोकांनी औषधासाठी दिलेला रुपया औषधालाच गेला पाहिजे.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तो विचार सोडा. आम्ही पहिला मुक्काम नांदेडला केला, दुसऱ्या दिवशी यवतमाळ, वणी करत वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात पोचलो. तिसऱ्या दिवशी चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी आणि आष्टीला वैनगंगा ओलांडून आलापल्ली. या शेवटच्या टप्प्यात लोहखनिजाचे ट्रक फार, रस्ता उखडलेला, आणि धुळीत पुढचं काही दिसत नाही. ओव्हरटेकची घाई करू नका. आलापल्लीत टाकी फुल्ल करा, घरी फोनही तिथूनच करा. पुढे रेंजचा भरवसा नाही.

आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलात माझं मागचं चाक डुलायला लागलं. पंक्चर! जादा ट्यूब, टामी, हातपंप सगळं होतं, पण टायर रिमला असा चिकटलेला की दोघांनाही हलेना. सायकलवरून जाणारे एक माडिया आदिवासी काका थांबले. आम्हाला माडिया भाषा येत नाही, त्यांना मराठी थोडंच. त्यांनी चाक आडवं पाडलं, टाचेने टायरच्या कडेवर दाब देत गोल फिरले आणि टायर सुटला. मग आतून बोट फिरवून खिळा शोधला, उपटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पाऊण तास गेला. तिकडे डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य मावळतो, म्हणून आलापल्ली दुपारी तीनच्या आत सोडा.

हेमलकशाला पोचल्यावर दवाखान्याच्या आवारात बसलेली माणसं पाहिली. छत्तीसगडच्या हद्दीतूनही रुग्ण इथे येतात, कित्येक जण पायी. १९७३ साली बाबा आमट्यांनी हे काम सुरू केलं, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी इथेच आयुष्य घातलं. गाडीवरून उतरून तिथे उभं राहिलो तेव्हा दोघांनाही बोलवेना.

जाण्याआधी प्रकल्पाला कळवा, राहण्याची सोय विचारा. जुने कपडे लादून नेऊ नका. काय हवं ते त्यांनाच विचारा. हा मलेरियाचा भाग आहे, मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवाच. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. तिथल्या पर्लकोटा नदीला पूर येतो, आणि वाटेतले नालेही रस्ता अडवतात.